कागदावरचा ग्रीक शब्द



आज बचत, कर्ज, व्याज यातलं काही नाही. आज एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. शब्द जिभेला जड आहे, म्हणून आधी सावकाश म्हणून घेऊ. फो-को-मे-लि-या. फोकोमेलिया.

हा शब्द आमच्यापर्यंत आला तो एका कागदावरून. आमच्या एका गटातल्या ताईंच्या सुनेला बाळ झालं. बाळाचा डावा हात खांद्यापासून सुरू होतो आणि लगेच पंजा लागतो. मधला दंड, कोपर जवळपास नाहीच. पंजाला तीन बोटं. बाकी लेकरू ठणठणीत, दूध नीट पितं, रडलं तर सगळ्या टोलीला ऐकू जातं. दवाखान्यातून कागद मिळाला. त्यावर इंग्रजीत हा एक शब्द आणि खाली सही. अर्थ कोणी सांगितला नाही. मग ज्याला जो सुचला तो त्यानं लावला. कोणी म्हणे रोग आहे, लागणीचा असेल. कोणी म्हणे घराण्यातलं आहे, पण मुलाच्या नव्हे हं, मुलीच्या. आजेसासूबाईंनी तर निकालच देऊन टाकला, “मी सांगतलं होतं हिले, गिऱ्हाण पाळ म्हणून. हिनं कांदा चिरला.” सून माहेरी होती. तिला परत आणायची की नाही, अशी कुजबुज सुरू झाली.

गटाच्या बैठकीत तो कागद हातोहात फिरत आमच्याकडे आला. आम्ही समन्वयक बाया, त्यात दोघी-तिघी बी.ए. झालेल्या. गावात बी.ए.चा अर्थ एवढाच की कुठलाही इंग्रजी कागद हिला दाखवा. आम्ही डॉक्टर नाही. पण कॉलेजात इतिहास होता, ग्रीस आणि रोम परीक्षेपुरते का होईना वाचले होते. शब्दाची चाल बघून वाटलं, हा ग्रीक असणार. शोधलं तर ग्रीकच निघाला.

ग्रीक भाषेत ‘फोके’ म्हणजे सील नावाचा प्राणी आणि ‘मेलोस’ म्हणजे अवयव, हात किंवा पाय. दोन्ही जोडून झालं ‘सीलसारखा हातपाय’. आता सील आपल्यापैकी कोणी पाहिला आहे? तो ना वैनगंगेत, ना इरईत. समुद्रातला, बहुतेक थंड समुद्रातला प्राणी तो. अंग माशासारखं निमुळतं, पण मासा नव्हे, पिल्लाला दूध पाजणारा. त्याच्या अंगालगतच वल्ह्यासारखे पंजे असतात. दंड, कोपर बाहेरून दिसतच नाहीत. कासव पोहताना पाहिलं असेल तर अंदाज येईल. ज्या वैद्यानं असं बाळ पाहिलं त्याला सील आठवला आणि त्यानं ते नाव दिलं. शब्दात एवढंच आहे. रोगाचं नाव नाही, लागण नाही, शाप नाही. कसं दिसतं तेवढं सांगितलं आहे.

बैठकीत हे सांगितल्यावर एक मावशी चिडल्या. “म्हणजे आमच्या लेकराले जनावर म्हणते काय डॉक्टर?” राग बरोबर आहे. पण आपण काय करतो ते बघा. अंगावर गोल चट्टा उठून खाज सुटली की आपण म्हणतो गजकर्ण झालं, म्हणजे हत्तीचा कान. कमरेला पुरळाची माळ उठली की नागीण. पाय सुजून जाड झाला की हत्तीपाय, आणि हत्तीपाय तर आपल्या भागात घरोघर ओळखीचा. म्हणून त्या बाईला कोणी हत्तीण समजत नाही. माणूस जे पाहतो त्याला ओळखीच्या गोष्टीची उपमा देतो. आपल्याकडे हत्ती आणि नाग, त्यांच्याकडे सील. फरक इतकाच की आपल्या शब्दाचा अर्थ आपल्याला कळतो, म्हणून त्याची भीती वाटत नाही. परक्या शब्दात काय काय लपलं असेल, असं वाटत राहतं.

या कुळातले आणखी शब्द तुमच्या कागदांवर दिसतील. अमेलिया म्हणजे हात किंवा पाय मुळीच नसणं. इथला ‘अ’ आपल्या अशक्त, अज्ञान यातलाच आहे. ग्रीक आणि संस्कृत या लांबच्या बहिणी, त्यामुळे हा ‘अ’ दोघींकडे आहे. ‘डॅक्टिलोस’ म्हणजे बोट. सहा बोटं असली की पॉलीडॅक्टिली, बोटं एकमेकांना चिकटलेली असली की सिंडॅक्टिली.

पण आपल्याकडेही असा एक शब्द अगदी याच घडणीचा आहे, आणि त्याची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. महाभारताच्या आदिपर्वात विनता दोन अंडी उबवत असते. सवत कद्रूची पिल्लं आधी बाहेर आली म्हणून तिला धीर निघत नाही आणि ती एक अंडं फोडते. आत अरुण असतो. त्याचं वरचं अंग पूर्ण झालेलं, मांड्या झालेल्याच नाहीत. म्हणून त्याचं नाव अनूरु. ऊरु म्हणजे मांडी, अनूरु म्हणजे मांडी नसलेला. अमेलिया शब्द जसा बनला तसाच हा. अरुण आईला शाप देतो आणि मग सूर्याचा सारथी होतो. रोज पहाटे जी लाली दिसते तो अरुण. गोष्ट सुंदर आहे, पण बघा, दोष कुणाच्या माथी आला? आईच्याच.

ही खोड फक्त आपली नाही. आजच्या इराकमध्ये, बाबिलोनच्या लोकांनी मातीच्या विटांवर याद्या लिहून ठेवल्या होत्या, की अमुक प्रकारचं मूल जन्मलं तर राज्यात अमुक घडेल. बाळाच्या बोटांवरून राजाचं भविष्य! ग्रीकांकडे ‘तेरास’ असा शब्द होता. त्याचा अर्थ अपशकुन, देवानं पाठवलेली खूण आणि राक्षसी रूपाचा प्राणी, सगळं एकत्र. जन्मजात व्यंगांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला आजही टेराटॉलॉजी म्हणतात, ते यावरूनच. शास्त्र पुढं गेलं तरी नावात अपशकुन राहून गेला.

ग्रीकांचं सगळंच डोक्यावर घ्यायला नको. व्यंग असलेलं मूल वाढवू नये, असा कायदा असावा, असं ॲरिस्टॉटलसारख्या मोठ्या विद्वानानं लिहून ठेवलं आहे. पण त्याच ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावानं जे वैद्यकाचे ग्रंथ आहेत, त्यात सांध्यांवरच्या ग्रंथात वाकडे पाऊल घेऊन जन्मलेल्या बाळाबद्दल लिहिलंय की बहुतेक पावलं बरी होतात, फक्त लवकर सुरुवात करा, हातानं हळूहळू सरळ करत पट्ट्या बांधा. ही गोष्ट सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. आजही आतल्या बाजूला वळलेल्या पावलाला दर आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ करतात. अमेरिकेतल्या पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांची ही पद्धत आता सगळीकडे वापरतात. तेव्हा वळलेलं पाऊल आणि आखूड हात एकाच मापानं मोजू नका. पाऊल पहिल्या काही आठवड्यांतच दाखवलं तर सरळ होतं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, तिथं दाखवा. “मोठं झाल्यावर बघू” म्हणू नका.

आता फोकोमेलियाकडे परत. शब्दाचे तुकडे ग्रीक असले तरी जुन्या ग्रीकांनी ते कधी जोडले नाहीत. जोडले ते फ्रान्समध्ये, १८३०च्या दशकात. पॅरिसला एतिएन आणि इसिडोर सेंत-इलेर हे बापलेक जन्मजात व्यंगांचा अभ्यास करत होते. मुलानं त्यावर मोठा ग्रंथ लिहिला, तो १८३२ ते १८३७ या काळात छापला गेला. बापानं कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग केले. अंडी उबत असताना त्यांत मुद्दाम अडथळा आणायचा आणि पिल्लू कसं घडतं ते पाहायचं. आपण खुडूक कोंबडी बसवतो तेव्हा अंडी हलवू नये म्हणतो, त्यातला अनुभव आणि यांचा प्रयोग फार दूर नाहीत. त्यांचं म्हणणं असं होतं की व्यंग म्हणजे देवाचा कोप किंवा खूण नाही. गर्भ पायरी-पायरीनं घडतो, एखाद्या पायरीवर काम थांबलं तर पुढचा भाग अपुरा राहतो. विनतेच्या अंड्याची गोष्ट आठवा. पण शाप काढून टाकून.

मग ही पायरी येते तरी कधी? हे नीट ऐका, कारण ग्रहणाचा सगळा वाद इथंच मिटतो. हाताच्या जागी आधी बारीक कोंब फुटतो. तो वाढतो, त्याला पंजा येतो, बोटं सुटी होतात. हे सगळं तिसरा महिना संपायच्या आत होऊन जातं. कोंब फुटतो तेव्हा पाळी चुकून आठ-पंधरा दिवसच झालेले असतात. कित्येक बायांना दिवस गेल्याचं अजून कळलेलंही नसतं. त्या सुनेनं कांदा चिरला तो सातव्या महिन्यात. हात चार महिने आधीच घडून झाला होता. चिरल्यानं जर बोटं तुटत असती, तर रोज धानाचे बांध कापणाऱ्या आपल्या बायांची एकही पोर धड जन्मली नसती.

कारणं खरी कोणती? काही वेळा बीजातच बदल असतो. तो आईकडून येतो, बापाकडून येतो किंवा दोघांकडे नसताना नव्यानं होतो. कधी गर्भाच्या पिशवीचे धागे सुटून हाताबोटांभोवती आवळले जातात. पुष्कळदा कारण सापडतच नाही. आणि एक कारण असं आहे की ज्यानं हा जुना ग्रंथातला शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांत आणला.

१ ऑक्टोबर १९५७ या दिवशी पश्चिम जर्मनीत ग्रुनेन्थाल नावाच्या कंपनीनं एक गोळी बाजारात आणली. औषधाचं नाव थॅलिडोमाइड, तिथं विकायचं नाव कॉन्टरगान. झोपेसाठी, घबराटीसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी. चिठ्ठीशिवाय दुकानात मिळायची. जाहिरात काय, तर अगदी निर्धोक. चाळीसहून जास्त देशांत ती विकली गेली. आणि मग हात-पाय आखूड असलेली, काहींना हातच नसलेली बाळं जन्माला येऊ लागली. साऱ्या जगात मिळून सुमारे दहा हजार. त्यातली कित्येक जन्मतःच किंवा थोड्याच दिवसांत गेली.

तिथंही दोष आधी कोणाकडे गेला असेल ते तुम्हीच सांगा. शिकलेला, कारखान्यांचा देश. ग्रहणाचा कांदा तिथं नव्हता, पण घराण्यातलं रक्त होतं, आईची वागणूक होती, अणुबॉम्बच्या चाचण्यांची धूळ होती. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांच्याकडे एक वकील बाप आला, ज्याचं स्वतःचं बाळ असं जन्मलं होतं. १९६१ सालची ही गोष्ट. लेन्झ आयांना भेटले आणि गरोदर असताना काय खाल्लं, काय प्यालं, काय घेतलं ते विचारत गेले. पहिल्यांदा विचारलं तेव्हा सुमारे पाचातल्या एकीनं ही गोळी सांगितली. मग त्यांनी गोळीचं नाव घेऊनच विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्या हो म्हणाल्या. आधी का नाही सांगितलं? तर अनेकींनी सांगितलं की एवढी साधी गोळी, ती काय सांगायची!

आम्हाला या सगळ्या इतिहासात ही ओळ सर्वांत जास्त लागली. आपणही अशाच. आशाताई विचारतात, काही औषध चालू आहे का? आपण म्हणतो, नाही. आणि डोकेदुखीची गोळी, आठवडी बाजारातून आणलेली पुडी, पाळी आणण्यासाठी कोणी दिलेलं काही, हे औषधात धरतच नाही.

लेन्झ यांनी १९६१च्या नोव्हेंबरात जाहीर इशारा दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस गोळी जर्मनीतल्या बाजारातून काढली गेली. ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनाही हीच शंका आली होती. अमेरिकेत मात्र ती गोळी तेव्हा बाजारात आलीच नाही, कारण फ्रान्सिस केल्सी नावाच्या एका बाईनं सही केली नाही. १९६० साली त्या औषध खात्यात नव्या नव्या लागल्या होत्या. कंपनीची माणसं पुन्हा पुन्हा येत, वरिष्ठांकडे तक्रारी करत. बाई म्हणत राहिल्या, पुरावा अपुरा आहे, आणखी आणा. १९६२ साली अध्यक्ष केनेडी यांनी त्यांचा सन्मान केला. कागदावर सही न करणं हेही काम असतं, हे हिशेबवहीवर सही करणाऱ्या आपल्या अध्यक्ष-सचिवांना वेगळं सांगायला नको.

कंपनीनं त्या मुलांची माफी मागितली ती २०१२ साली. मुलं तोवर पन्नाशीला आली होती.

आता कोणी म्हणेल, कुठलं जर्मनी आणि कुठलं गडचिरोली. पण ही गोळी मेली नाही. १९६४ साली जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन या डॉक्टरांनी एका कुष्ठरुग्णाला झोप यावी म्हणून ती दिली. त्याला कुष्ठरोगातली रिअ‍ॅक्शन आली होती, म्हणजे अंगावर लाल दुखऱ्या गाठी, ताप, वेदनेनं डोळ्याला डोळा नाही. गोळीनं झोप तर आलीच, गाठीही झपाट्यानं उतरल्या. तेव्हापासून थॅलिडोमाइड त्या रिअ‍ॅक्शनवर वापरतात, काही कॅन्सरवरही. आपल्या देशात ती आजही आहे. ब्राझीलमध्ये कुष्ठरोगासाठी दिलेली ही गोळी बायांच्या पोटात गेली, कधी घरातल्या घरात एकाची दुसरीनं घेतली, आणि तिथं त्यानंतरही तशीच बाळं जन्मली.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण अजून सापडतात. म्हणून नीट फोड करून सांगतो. सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगासाठी जी पाकिटातली एमडीटी फुकट मिळते, ती वेगळी. ती गरोदरपणातही चालू ठेवतात, घाबरून सोडू नका. थॅलिडोमाइड वेगळी. ती रिअ‍ॅक्शनसाठी, तज्ज्ञांच्या चिठ्ठीवर. मूल होण्याच्या वयातल्या बाईनं ती घ्यायचीच नाही. अगदीच द्यावी लागली, तर गर्भ नाही याची तपासणी आणि गर्भ न राहण्याची पक्की सोय, दोन्ही आधी. नवरा ती घेत असेल तर त्यानं निरोध वापरायचा, कारण औषध वीर्यातही उतरतं. आणि घरात कोणाचीही उरलेली गोळी कोणी घ्यायची नाही. नाव कळत नसेल तर पाकीट घेऊन या, गटात कोणीतरी वाचून देईल.

अजून एक गैरसमज इथंच काढू. कुष्ठरोगानं बोटं झडतात असं आपण म्हणतो. रोग नसांना लागतो, बोट बधिर होतं, चटका-जखम कळत नाही, आणि जखमा चिघळून बोट आखडत जातं. ते पोटातल्या बाळाकडे जात नाही. कुष्ठरोग झालेल्या आईचं बाळ बिनबोटांचं जन्मत नाही. गंमत म्हणजे ‘लेप्रसी’ हाही शब्द ग्रीक. ‘लेपिस’ म्हणजे खवला. ग्रीक वैद्य ज्याला लेप्रा म्हणत ते खपल्या पडणारं कातडीचं दुखणं होतं, आपला कुष्ठरोग नव्हे. पुढं भाषांतरात नाव सरकलं आणि खपल्यांचं नाव बधिरतेच्या रोगाला चिकटलं. आपल्याकडे त्याला महारोग म्हणत, रक्तपिती म्हणत. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला संस्था काढली तिचं नावही महारोगी सेवा समिती. तीच आनंदवनाची संस्था.

आनंदवनात अपंग मुलामुलींना काम शिकवणारी शाळा आहे, तिचं नाव संधीनिकेतन. ‘संधी’ म्हणजे मोका, आणि ‘संधी’ म्हणजे सांधाही. संधिवात म्हणतो ना आपण. त्या नावात हे दोन्ही अर्थ आहेत. आणि ग्रीक ‘मेलोस’चंही तसंच आहे. त्याचा एक अर्थ अवयव, दुसरा अर्थ गाणं. गाण्याचा एकेक तुकडा म्हणजे गाण्याचा अवयव, असं ते धरत. इंग्रजीतला मेलडी शब्द त्यावरून आला. आनंदवनातल्या कुष्ठमुक्त आणि अपंग कलाकारांचा स्वरानंदवन नावाचा वाद्यवृंद आहे, गावोगावी कार्यक्रम करतो. आमच्यातल्या काहींनी तो ऐकला आहे. त्या वेळी मेलोसचे हे दोन अर्थ माहीत नव्हते.

राहता राहिला कागद. डॉक्टरांनाही ही सीलची उपमा आता फारशी आवडत नाही. १९८९ साली जन्मजात हातापायांच्या उणिवा कशा लिहाव्यात याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली. त्यात जनावर नाही, ग्रीक नाही. कोणतं हाड आहे, कोणतं नाही, एवढंच लिहायचं. तरी जुना शब्द कागदावर येतोच. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधी ७ होते. आखूड हाताचं लेकरू आणि कुष्ठमुक्त माणूस, दोघांचीही नोंद त्यात अस्थिव्यंगाखालीच होते. युडीआयडी कार्डासाठी अर्ज केला की दवाखान्यात तपासणी होऊन टक्केवारी मिळते, आणि बहुतेक योजनांना ४० टक्के किंवा जास्त लागतात. टक्केवारी कमी वाटली तर फेरतपासणी मागता येते.

कागद हातात घेताना डॉक्टरांना एवढं म्हणा, “साहेब, याच्या खाली मराठीतही लिहून द्या.” मग तिथं असं येईल, डावा हात जन्मतः आखूड, बोटं तीन. हे घरातल्या प्रत्येकाला वाचता येतं, आजेसासूबाईंना वाचून दाखवता येतं.